सासूच्या नारळांवर चालणारा ट्रक

लढाई संपल्यापासून आमच्या बेटावरच्या गावात अधूनमधून बाहेरची माणसं येतात. बोटीतून उतरतात, चिखल तुडवत वर येतात आणि विचारतात, खोबरेल तेलावर ट्रक चालवणारा किप्रियान कुठे राहतो. मग माझा नवरा हात पुसत बाहेर येतो. हात पुसायचं फडकं नेहमी माझ्याच नेसायच्या कापडातून फाडलेलं असतं. माणसं वह्या काढून लिहून घेतात. त्यातला एकजण 'बायोडिझेल' म्हणाला, तेव्हापासून हाही बायोडिझेल म्हणतो. नारळ कोणाचे होते, ते सोलले कोणी, खवले कोणी, पिळले कोणी, चुलीच्या धुरात डोळे कोणी फोडून घेतले, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मी शहाळी फोडून त्यांच्या हातात देते आणि गप्प बसते. गप्प बसणं मला फार वेळ जमत नाही, म्हणून आता सांगते.

माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण एकदा बोलायला लागले की ते सांगायचं राहून जाईल.

किप्रियान डोंगरापलीकडचा. खाणीत मोठ्या गाड्या दुरुस्त करायचा. आमच्याकडे लग्न झालं की पुरुष बायकोच्या गावी राहायला येतो. जमीन आईची, झाडं आईची, आईमागे ती लेकीची. तसा हा आला, अंगावर एक सदरा, पिशवीत दुसरा, आणि दोघांनी उचलावी लागेल अशी हत्यारांची पेटी. आल्याच्या पाचव्या दिवशी त्याने माझं शिवणाचं मशीन उघडलं. मशीन चांगलं चालत होतं. मी विचारलं, मग उघडलंस कशाला? तर म्हणतो, चांगलं का चालतंय ते बघायला. त्यानंतर ते कधी चाललं नाही आणि त्याचं चाक पुढे कुठल्याशा पंपाला गेलं. हातात पाना असला की त्याला भूक लागत नाही, तहान लागत नाही, हाक ऐकू येत नाही. 'अर्धा तास' म्हणाला की मी रताळी भाजायला टाकत नाही, कारण ती कोळसा होतात.

तरी हे सगळं मी सोसलं असतं. माझा जीव गेला तो त्याच्यात आणि माझ्या आईत.

आमच्यात सासूने आणि जावयाने एकमेकांच्या नजरेस पडायचं नसतं. बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, एकाच्या सावलीत दुसऱ्याने उभं राहायचं नाही. मान ठेवायची ती रीत आहे. हल्लीची पोरं त्यात सूट घेतात, पण माझी आई सूट घेणारी नव्हती आणि किप्रियान परगावचा, त्यामुळे तो आमच्यापेक्षाही कडक पाळायचा. दोन घरांत पंचवीस पावलांचं अंतर. आई घराबाहेर पडायच्या आधी खाकरायची, की हा हातातलं टाकून केळींच्या मागे. एकदा हा ट्रकखाली उताणा पडलेला असताना आई ट्रकशेजारी येऊन उभी राहिली आणि शेजारणीशी तंबाखूच्या रोपांबद्दल बोलत बसली. तासभर. हा खाली चिखलात, अंगावर मुंग्या, तोंडातून हूं नाही. आईला ठाऊक होतं तो खाली आहे. तिने कधी कबूल केलं नाही, पण मी तिची लेक आहे, मला कळतं.

आणि दोघांना एकमेकांशी बोलायचं असायचं ते मात्र रोज. मग मी आहेच. सांग तुझ्या नवऱ्याला, माझ्या कुंपणाला टेकून चाकं ठेवू नकोस म्हणावं. विचार तुझ्या आईला, तिच्या जुन्या पातेल्याला भोक पडलंय ते मला पत्र्यासाठी चालेल का. ती त्याला 'खाणवाला' म्हणायची, तो तिला 'तुझी आई'. पंचवीस पावलं इकडे, पंचवीस पावलं तिकडे. अडकित्त्यातल्या सुपारीचं काय होतं ते मला कोणी सांगायला नको.

मग लढाई लागली, खाण बंद पडली आणि समुद्रात नाकेबंदी झाली. मीठ नाही, साबण नाही, काडेपेटी नाही, औषध नाही. किप्रियानने खाणीतून एक ट्रक आणला होता. कसा आणला ते मी विचारलं नाही. डिझेल संपलं तेव्हा तो नीरफणसाच्या झाडाखाली उभा राहिला आणि कोंबड्यांनी त्यात अंडी घालायला सुरुवात केली. मला बरं वाटलं. निदान कोणाच्या तरी उपयोगी पडला.

पण किप्रियान दिवसभर त्या ट्रककडे बघत बसायचा, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा. एका सकाळी त्याने वर नारळीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मी अजून काही बोललोच नाही.

आधी त्याने खाणीतल्या एका जुन्या पुस्तकात वाचलेली कृती केली. तेलात राखेची निवळी आणि दारू घालून ढवळायचं, म्हणजे तेल पातळ होतं आणि इंजिनाला डिझेलसारखं पचतं. पुस्तकात कुठली दारू म्हटली होती देव जाणे. याने बेनेतो मामाची केळ्यांची दारू घातली. बेनेतो मामा म्हणजे आईचा भाऊ, आमच्या कुळातला कारभारी माणूस. दारू गेली म्हणून तो आठवडाभर आमच्या दारात आला नाही. दीडशे नारळांचं तेल त्या पिंपात होतं. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर आत साबण. घट्ट, पिवळा, पिंपभर. गावातल्या बायका खूश झाल्या, कित्येक महिन्यांत साबण पाहिला नव्हता. त्यांनी पावशीने कापून वाटून घेतला. किप्रियान पिंपाशेजारी डोकं धरून बसला होता आणि प्रत्येक बाई जाताना त्याचे आभार मानत होती.

मग त्याने पुस्तक फेकलं आणि नुसतं खोबरेल घालायचं ठरवलं. युक्ती इतकीच की इंजिन खाणीतल्या पिंपांच्या तळाशी खरवडून मिळालेल्या थोड्याशा खऱ्या डिझेलवर सुरू करायचं, तापलं की तेलाच्या टाकीवर आणायचं, बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर, म्हणजे नळ्यांत तेल गोठून बसत नाही. खालच्या किनाऱ्यावर तेल पातळच राहतं, पण डोंगरावर नेलं की लोण्यासारखं होतं. त्यासाठी त्याने तेलाची नळी इंजिनाच्या गरम भागाला गुंडाळली. ट्रक चालला. धुराला केळी तळल्याचा वास यायचा आणि पोरं उपाशी पोटी त्याच्या मागे धावायची.

एक लिटर तेलाला दहा-बारा नारळ लागतात. ट्रक जेवायला बसला की आमच्या पानात काय उरणार? झाडं आईची, त्यामुळे तिच्याकडे शब्द टाकायला मी. तिने तीन दिवस विचार केला आणि सांगितलं की ओढ्यापलीकडच्या झाडांचे, आपण होऊन पडलेले नारळ घ्यावेत, झाडाला हात लावू नये, आणि पहिल्या फेरीत मीठ आणावं. मीठ आलं तशी ती नरमली. हळूहळू तेल काढायचं कामही तिनेच ओढून घेतलं, कारण किप्रियानचं तेल तिला बघवत नव्हतं.

आईसारखं तेल पंचक्रोशीत कोणी काढत नसे. खोबरं खवायचं, पिळून दूध काढायचं, ते रात्रभर ठेवायचं, वरची साय कढवायची. सगळ्याच बायका हे करतात. पण तेलात पाण्याचा थेंब राहिला तर भाजी नुसती फसफसते, आणि इंजिन बंद पडतं. किप्रियानने दोनदा पंप खराब करून घेतल्यावर मला पाठवलं, विचार तुझ्या आईला, तेल झालं हे कळतं कसं. आई म्हणाली, सांग खाणवाल्याला, आवाज गेला की झालं. मी येऊन सांगितलं. तो म्हणाला, कसला आवाज? मी परत गेले. ती म्हणाली, तेलाचा. मी परत आले. तो म्हणाला, तू तिथे बसून ऐक आणि मला सांग. मी बसले, ऐकलं, आणि खरं सांगते, मला चुलीच्या लाकडांचा आवाज आणि तेलाचा आवाज यात फरक कळला नाही. येऊन म्हटलं, हो, आवाज जातो. त्या उत्तरावर दोघंही समाधानी झाले.

नाकेबंदीच्या चौथ्या वर्षी आईच्या पोटात गोळा धरला. आधी तिने कोणाला कळू दिलं नाही. कमरेचं कापड सैल नेसायला लागली तेव्हा मला संशय आला. मग दुखायला लागलं, जेवण सुटलं, आणि पावसाळी दिवसांत ती अंथरुणाला लागली. त्याच आठवड्यात निरोप आला की डोंगरापलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात बाहेरून कापाकापी करणारा डॉक्टर येतो आहे, भुलीचं औषध घेऊन. दोन दिवस राहणार, तिसऱ्या दिवशी बोटीने परत. पुन्हा कधी येईल, येईल की नाही, ते बोटच जाणे.

खांद्यावरून न्यायचं तर दोन दिवस, आणि त्या हादऱ्यांत गोळा फुटला तर संपलं. ट्रकने सात तास. सोपं होतं ना? पण आई म्हणाली, त्याच्या ट्रकमध्ये मी पाय ठेवणार नाही. तो जिथे बसतो त्याच्या पाठीमागे मी झोपायचं? मला मरण आलं तरी चालेल. इकडे किप्रियान म्हणतो, तुझ्या आईचं बरोबर आहे, मला लाज वाटेल. मी त्या दिवशी दोन्ही घरांच्या मध्ये उभी राहिले आणि दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी बेनेतो मामाने तोड काढली. मागच्या हौद्यात आई, तिचं तोंड मागे. पुढे किप्रियान, त्याचं तोंड पुढे. मध्ये केतकीच्या पानांची चटई टांगायची. आणि त्याच्या शेजारी मामा स्वतः बसणार.

आता तेल. चढणीमुळे नुसतं जायलाच दोन मोठे डबे हवे होते. एक आईने आजारी पडायच्या आधी काढलेला भरला होता. दुसरा मी काढायला घेतला. बाकीच्या बायकांनी खवून दिलं, पण चुलीपुढे मी होते. लाकडं ओली, धूर इतका की माझाच मला हात दिसेना, आई आत कण्हत होती, किप्रियान दर थोड्या वेळाने येऊन विचारत होता, झालं का. शेवटचं पातेलं मी लवकर उतरवलं. उतरवताना मला माहीत होतं. त्यात अजून बुडबुडे येत होते आणि मी म्हटलं, एवढ्याने काय होतं, आणि डब्यात ओतलं.

डॉक्टर आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पहिल्या दिवशी का नाही, तर किप्रियानने ब्रेक उघडले होते. 'अर्धा तास' म्हणाला होता. हौद्यात केळीची सुकी पानं, त्यावर चटया, त्यावर आई. तिने आपलं मोठं पातेलं बरोबर घेतलं. मी म्हटलं, अगं, दवाखान्यात जेवण मिळतं. ती म्हणाली, त्यांच्या तेलाचा मला भरवसा नाही.

नदी उतरताना किप्रियानने दुसरा डबा टाकीत ओतला. मी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. बंद पडलेल्या खाणीच्या बाजूने चढण सुरू झाली, ढग खाली आले, अंगावर काटा यायला लागला. घाटमाथ्याच्या थोडं अलीकडे इंजिनाने पहिली उचकी दिली. मग पांढरा धूर. मग बंद.

किप्रियान उतरला, झाकण उघडलं, गाळणीची काचेची वाटी काढून बघितली आणि म्हणाला, थंडी. तेल गोठतंय. वाटीतलं तेल दुधी झालं होतं. थंडीत सगळंच खोबरेल दुधी होतं, त्यात पाणी आहे की नाही हे देवालाही दिसलं नसतं. त्याने जाळ केला, दगड तापवले, केळीच्या पानात गुंडाळून गाळणीभोवती बांधले. ट्रक सुरू झाला, पन्नास पावलं गेला, बंद. पुन्हा दगड. पुन्हा पन्नास पावलं. असं चार वेळा. सूर्य डोक्यावर आला असणार, दिसत नव्हता. आईने सकाळपासून डोळे उघडले नव्हते आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी पहिल्या उचकीलाच ओळखलं होतं. आईच्या कपाळावर हात ठेवून बसले होते आणि मनात म्हणत होते, देवा, थंडीच असू दे. सांगितलं का नाही? लाज वाटली म्हणून. दुसरं कारण नाही. आयुष्यभर या माणसाला, आपलं चुकलं ते कबूल कर, असं ऐकवत आले, आणि माझी पाळी आली तेव्हा जीभ टाळूला चिकटली. उलट मीच त्याच्यावर ओरडले की जवळच्या वस्तीतली माणसं बोलाव आणि तिला खांद्यावरून ने. तो म्हणाला, अर्धा तास दे. मी हातातला ओला पाला त्याला फेकून मारला.

पाचव्या वेळी त्याने नळीचं तोंड सैल केलं, हवा अडकली असेल तर जावी म्हणून. थोडं तेल उडालं आणि खालच्या तापलेल्या नळकांड्यावर पडलं. तड, तड, तड. त्याने तिकडे लक्षही दिलं नाही. आईने डोळे उघडले. मान चटईच्या बाजूला वळवली.

"ए खाणवाल्या," आई म्हणाली.

बेनेतो मामाच्या हातातली चुन्याची डबी चिखलात पडली. किप्रियान जिथे होता तिथे वाकलेलाच राहिला.

"तडतडतंय ते. थंड तेल तडतडत नाही, ओलं तेल तडतडतं. हे माझ्या लेकीने काढलेलं तेल आहे. चुलीपुढे बसायचा हिला लहानपणापासून दम नाही. सगळं बाहेर काढ आणि कढव."

मला वाटलं, आता तो माझ्याकडे वळेल आणि म्हणेल, सांग तुझ्या आईला. मी उत्तर वाहून न्यायला तयारच झाले होते, इतकी सवय. पण तो चटईसमोर उभा राहिला, हात सदऱ्याला पुसले, आणि चटईलाच म्हणाला, "किती वेळ कढवू?"

"आवाज जाईपर्यंत."

"आणि मला कळलं नाही तर?"

"मी आहे ना इथे."

मग त्याने टाकी रिकामी केली, डबा रिकामा केला आणि तिच्याच पातेल्यात, पातेल्यामागून पातेलं, रस्त्याच्या कडेला तेल कढवलं. पातेलं धरून तो चटईच्या इतक्या जवळ जाळ करून बसला की चटईची कड करपली. मध्येच विचारायचा, आता? ती म्हणायची, अजून. पुन्हा, आता? अजून. मग दोघं पातेल्याकडे कान लावून राहिले, आणि ती म्हणाली, "ऐक. आता गेला. उतरव." तो म्हणाला, "ऐकला." त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला बघवेना. तिसऱ्या पातेल्याला त्याने तिला विचारलंच नाही, आपल्या कानानेच उतरवलं, आणि आतून आई म्हणाली, हं.

मधल्या वेळात दोघं काय बोलले असतील? माझ्याबद्दल. ही पहिल्यापासून अशीच का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, सात वर्षांची असताना हिने अर्धं कच्चं रताळं आजोबांना वाढलं होतं. तो म्हणाला, मला अजून वाढते. मी तिथेच होते, दोघांच्या मध्ये, हातात लाकडं घेऊन. अकरा वर्षं मी यांचे निरोप वाहिले, आणि तोंडं उघडली ती माझी गाऱ्हाणी सांगायला. मी रडत होते. धुराने म्हटलं तर कोणी विश्वास ठेवला नसता. आईच्या आवाजात मला जीव परत आलेला ऐकू येत होता.

अंधार पडता पडता घाट उतरलो, ट्रकला दिवे नव्हते म्हणून रात्र पायथ्याशी काढली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरचं सामान बांधायला सुरुवात झाली होती तेव्हा दवाखान्याच्या दारात ट्रक उभा केला. डॉक्टरने आईचं पोट दाबून बघितलं आणि सामान पुन्हा उघडायला सांगितलं. गोळा पपईएवढा निघाला.

महिन्याने आई घरी आली, त्याच ट्रकमधून, त्याच चटईमागे. येताना रस्ताभर दोघं मुके. मला वाटलं, आता तरी सुटले, एकदा बोलले ते बोलले. कुठलं काय. दुसऱ्या दिवशी आई दारात येऊन खाकरली आणि हा केळींच्या मागे पळाला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते या दोघांना बघूनच कोणीतरी म्हटलं असेल.

आठवडाभराने आईने मला बोलावलं. तिचं सगळ्यात मोठं डुक्कर दोराने बांधून तयार होतं. रीत मोडली तर मोडणाऱ्याने डुक्कर द्यायचं, दुसऱ्याने ते घ्यायचं, कापून सगळ्या गावाला वाढायचं. ते खाऊन झालं की जे बोललं गेलं ते बोललंच गेलं नाही असं होतं. पुन्हा कोणी त्याचा उल्लेख करत नाही. आई चटईआडून बोलली होती, म्हणजे डुक्कर आईने द्यायचं. ती म्हणाली, खाणवाल्याकडे ने. मी पंचवीस पावलं ते डुक्कर ओढत नेलं.

किप्रियानने बघितलं आणि सांगितलं, परत ने.

मी कपाळावर हात मारला. सासूचं डुक्कर परत करायचं म्हणजे काय, हे याला कळतं का? बेनेतो मामा धावत आला. अशाने दोन कुळांत तंटा होईल म्हणाला. डुक्कर लहान वाटलं का, असंही विचारलं. किप्रियान मान खाली घालून पाना पुसत बसला होता. गावातली म्हातारी माणसं येऊन बोलून गेली, बायका बोलून गेल्या, मी तर घसा बसेपर्यंत बोलले. दोन दिवस डुक्कर आमच्या दारात बांधलेलं. रताळ्यांचे वेल खाऊन त्याने वाफा मोकळा केला.

तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर तो मला म्हणाला, "पोली, तुझ्या आईला सांग. ते डुक्कर मी खाल्लं तर त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत असं होईल. आणि त्या बोलल्या आहेत. मी आहे ना इथे, असं म्हणाल्या आहेत. माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. मला असं कोणी म्हटलं नव्हतं. ते मी परत देणार नाही."

अकरा वर्षांत मी त्याचे हजार निरोप नेले असतील. पत्र्याचे, पातेल्याचे, नारळांचे. हा नेताना मला पंचवीस पावलं फार लांब वाटली.

आई ओसरीवर खोबरं खवत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. तिचा हात थांबला. तिने केळींच्या बाजूला बघितलं. तिथे कोणी नव्हतं, पण ती बराच वेळ तिकडेच बघत होती.

मग म्हणाली, "डुक्कर सोडून आण. बाकीचं राहू दे त्याच्याकडे."

एवढं बोलून ती पुन्हा खवायला लागली. मी डुक्कर आणायला गेले. ते आता यायला तयार नव्हतं, आमच्या वाफ्याची त्याला चटक लागली होती. दोर हाताला कापत होता, पाय चिखलात घसरत होते, आणि ती पंचवीस पावलं मी त्याला एकटीने ओढत नेलं. दोघांपैकी एकही जण दोर धरायला आला नाही.